पंधरा सेकंदांची बस

माझ्या चित्रकलेच्या वर्गात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकायची नाही. कुणाच्या पेन्सिलीला टोक करून दे, कुणाच्या कागदात डोकाव, असं तिचं चाललेलं असायचं. पण एकदा कागदावर चौकटी आखल्या की हीच मुलगी तास संपल्याची घंटाही ऐकायची नाही. वय चौदा. मी टेबलावर बाटली आणि दोन सफरचंदं मांडायची. बाकीची मुलं ती इमानेइतबारे उतरवून काढायची, आणि भिंगरीच्या कागदावर मात्र त्या सफरचंदांचं कडाक्याचं भांडण जुंपलेलं असायचं. शेवटच्या चौकटीत दोघांना कंटाळून बाटलीच घरंगळत निघून जायची.

खरं सांगायचं तर कॉमिक्स हा प्रकार मला पोरकट वाटायचा. पण तिची रेघ बघितली आणि मी तोंड बंद ठेवलं. थकलेला माणूस कसा बसतो, हे ती तीन रेघांत दाखवायची. ते मला तीस वर्षं शिकवूनही जमलेलं नाही.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने आठ चौकटींचं कॉमिक केलं, ‘घोरासुर’. तिचे बाबा बस चालवतात. ड्यूटीवरून येतात, बूट काढतात आणि हातात पाण्याचा ग्लास तसाच धरून खुर्चीत झोपी जातात. त्यांच्या घोरण्याने आधी पडदे हलतात, मग मांजर उडतं, शेवटी शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दोरीसकट निघून जातात. वर्गात हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसले, आणि ते कॉमिक दाराजवळच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं, मीच लावलं.

प्रदर्शनाला बाबा दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आले, गणवेशातच. भिंतीपुढे उभं राहून त्यांनी आठही चौकटी सावकाश वाचल्या. शेजारी दोन पालक डोळे पुसत हसत होते. ‘घोरासुर’ आपल्या बाजूलाच उभा आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

“छान काढलंय,” ते मला म्हणाले. मग टोपी घातली आणि गेले.

आठवडाभराने भिंगरी तास संपल्यावर मागे थांबली.

“बाई, बाबा आता खुर्चीत बसतच नाहीत. आले की सरळ आतल्या खोलीत जातात.”

“तू माफी मागितलीस?”

“मागितली. म्हणाले, अगं, त्यात काय एवढं. पण बसत नाहीत.”

चूक तिच्याइतकीच माझीही होती. ती म्हणाली, “मी त्यांना फक्त झोपलेलंच पाहिलंय, बाई. म्हणून तेवढंच काढता आलं.”

त्या रविवारी ती पहाटे उठली आणि बाबांच्या पहिल्या फेरीला त्यांच्या मागच्या सीटवर जाऊन बसली, मांडीवर चित्रवही घेऊन. पुढचे दोन रविवारही तेच. वही भरली ती हातांनी, पावलांनी आणि आरशात दिसणाऱ्या डोळ्यांनी. मुलगी सहा सहा तास जागची हलत नव्हती, हे ती भरलेली वही बघितली नसती तर मला खरं वाटलं नसतं.

मग ती म्हणाली, “हे चौकटींत मावत नाही. हलतं करायला हवं.”

ॲनिमेशनमधलं मला ओ की ठो कळत नाही. तिनेच शोधून काढलं. वर्गातल्या जुन्या खणावर तिने काच ठेवली, आत दिवा लावला, म्हणजे खालच्या कागदावरचं चित्र वरच्या कागदातून दिसेल. प्रत्येक कागदावर चित्र केसभर सरकवायचं आणि फोनने त्याचा फोटो घ्यायचा. एका सेकंदाला बारा चित्रं. फिल्म पंधरा सेकंदांची, म्हणजे एकशे ऐंशी. दीड महिना ती मधल्या सुट्टीतही काचेवर वाकलेली असायची. बोटं काळी, मानेला उसण, आणि तोंडातून एक तक्रार नाही. ज्यांच्या पेन्सिलींना ती टोक करून द्यायची, ती मुलं आता तिच्या पेन्सिलींना टोक करून देत होती.

फिल्म पुरी झाल्यावर तिने बाबांना वर्गात बोलावलं. ते मुलांच्या बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसले. मी पडदे ओढले आणि तिने फोनवर फिल्म लावली.

एक आजोबा काठी टेकत बसमध्ये चढतात. ड्रायव्हर आरशात बघतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, पण त्याचा पाय क्लचवरून सुटत नाही. आजोबा चाचपडत दांडा धरतात, वळतात, बसतात. काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी करतात. मगच बस हलते, इतकी हळू की काठीसुद्धा डगमगत नाही. एवढंच.

बाबा म्हणाले, “पुन्हा लाव.”

तिने लावली. तिसऱ्यांदाही लावली.

“एक चुकलंय.”

मी भिंगरीकडे बघितलं. ती पेन्सिल शोधत होती.

“आजोबा बसले की मी लगेच निघत नाही. आधी बाहेरचा आरसा. एखादं पोर धावत येत असतं. मान आधी वळते, मग हात हलतो. तू हात आधी हलवलायस.”

“करून दाखवा ना.”

त्यांनी स्टूल पुढे ओढलं, हवेतच स्टिअरिंग धरलं आणि मान वळवली. “थांबा, तिथेच,” ती म्हणायची, आणि ते थांबायचे. पुढची फेरी येईपर्यंत, जवळजवळ पाऊण तास, ते तिच्यासाठी केसाकेसाने मान वळवत होते. मध्येच मला म्हणाले, “बाई, वीस वर्षं गाडी चालवतोय. मी आजोबांसाठी थांबतो, हे मलाच माहीत नव्हतं.”

भिंगरीने अडतीस चित्रं पुन्हा काढली. मी म्हटलं होतं की एवढा बारीक फरक कुणाला कळणार आहे. “त्यांना कळला,” ती म्हणाली.

नवी फिल्म बाबांनी डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत दाखवायला सांगितली. मीही गेले. दहा-बारा ड्रायव्हर चहाचे कप घेऊन त्या छोट्या फोनभोवती दाटीवाटीने उभे राहिले. आरशाची जागा बरोबर आहे का, यावर वाद झाला आणि बरोबर आहे असं ठरलं. एक मिशीवाले काका मागे रेंगाळले. सगळे पांगल्यावर ते तिला म्हणाले, “माझी काढशील?”

“आधी तुमच्या गाडीत बसावं लागेल,” भिंगरी म्हणाली. “निदान तीन रविवार.”

काकांनी तिच्या बाबांकडे बघितलं.

“सवलत देत नाही ती,” बाबा म्हणाले. “मलाही दिली नाही.”