पाणथळीवरचा जुना धक्का

मित्रांनो, मी एक जुना लाकडी धक्का आहे. नावावर जाऊ नका. आजवर मी कुणाला धक्का दिलेला नाही. पाणथळीच्या काठावर उभा असतो आणि लोक माझ्या खांबांना होड्या बांधतात.

मला एका सुतारानं उभारलं. त्याची थोरली मुलगी हातात खिळे देई, आणि धाकटा मुलगा मी पुरता उभा राहण्याआधीच माझ्यावरून पाण्यात उड्या मारी. तेव्हा माझा थाट काय वर्णावा! लव्हाळं कापणाऱ्यांच्या होड्या सकाळपासून मला खेटून असत, ओल्या मोळ्यांनी माझं अंग भरून जाई. थंडी पडली की दूरदेशीची बदकं उतरत, आणि सुतार सगळ्यांना दटावून हळू बोलायला लावी.

पुढे सुतार गेला. थोरली लव्हाळ्याच्या चटया विणू लागली. धाकटा शहरातल्या एका हॉटेलात वाढपी झाला. सुटीत आला की माझ्या टोकाला बसे, पाय पाण्यात सोडी आणि कायमचं घरी येण्याच्या गोष्टी करी.

मग एका कंपनीची माणसं आली. पाणथळ संरक्षित होती, पण तिला लागूनच त्यांना मोठं हॉटेल बांधायचं होतं, पर्यटकांसाठी मोटारबोटी फिरवायच्या होत्या. त्यांच्या चित्रात माझ्या जागी सिमेंटचा धक्का होता. मला कुणी विचारलं नाही. वस्तीलाही विचारलं नव्हतं. लोक बिथरले. बोटींच्या आवाजानं पाखरं उठून जातील, भरावाखाली लव्हाळं बुजेल, असं जो तो म्हणू लागला. सभा माझ्यावरच भरली, आणि बोलायला सगळ्यांनी थोरलीला पुढे केलं.

धाकट्याला मात्र त्या नव्या हॉटेलात काम मिळणार होतं. तो मुद्दाम सुटी काढून आला. बहीणभाऊ माझ्या टोकाला पाय सोडून बसले.

"ताई, पाखरांना इथं जागा आहे," तो म्हणाला. "मला कधी मिळायची?"

"जागा आहेच रे तुझी. काम नाही," ती म्हणाली. "पण मी हो म्हटलं, तर तू परत येशील ते कशाकडे?"

तो उठून गेला. परवानगीच्या सुनावणीला सरकारी साहेब आले तेव्हा थोरली उभी राहिली. हॉटेल नको, हे सांगताना एकही शब्द तिनं गिळला नाही. काही महिन्यांनी हॉटेलला परवानगी नाकारल्याचं कळलं. वस्तीनं तिला डोक्यावर घेतलं. ती हसली आणि सगळ्यांच्या आधी घरी गेली.

आता लव्हाळं कापणारे थोडेच उरलेत. माझ्या फळ्या कुजत चालल्यात. थंडीत पाखरं येतात; धाकटा येत नाही. सुटी मिळत नाही म्हणे.

परवा संध्याकाळी थवा उतरला, तशी थोरलीनं त्याला फोन लावला आणि फोन पाण्याकडे धरला.

"ऐकू येतंय का रे?"

पलीकडे भांड्यांची खडखड दूर गेली. मग तो म्हणाला, "ताई, अजून थोडा वेळ धर."

हात भरून येईपर्यंत ती तशीच उभी होती.

मित्रांनो, पाणी जपा, पाखरं जपा, जमलं तर माझ्या फळ्याही बदला. पण ज्यांनी हे सगळं राखलं, त्यांच्या घरच्यांना इथंच राहून पोट भरता येईल, असंही काहीतरी शोधा. नाहीतर राखलेल्या या काठावर वाट बघणारेच तेवढे उरतील.