हेंद्रेपाड्यातला कॅरम

विठाबाईंनी हात पुढे केला आणि कोपऱ्यातल्या कॅरमवरचा स्ट्रायकर उचलला. हेंद्रेपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या त्या एका खोलीत पेपर वाचणारे, गप्पा मारणारे सगळे पुरुष एकदम गप्प झाले. बायका शेजारच्या देवळात भजनाला बसत. इकडे आजवर कुणी फिरकली नव्हती.

"मला शिकायचंय. कोण शिकवतं?"

त्या कॅरमपाशी एकटेच बसलेले हरिचंद्र तेवढे हसले. बदलापूर गावातले जुने शेतकरी, सत्तरी उलटलेले.

"बसा वयनी. पयलं बोट असं धरायचं."

त्याआधी दोन महिन्यांत विठाबाईंच्या हातून दूध दोनदा करपलं होतं आणि एकदा गॅस सुरूच राहिला होता. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरायला होतंय, पण ही सुरुवात आहे, म्हणाले. डोकं चालतं ठेवा, काहीतरी नवीन शिका, माणसांत जा. घरी येईपर्यंत मुलाच्या, अभिजीतच्या, लक्षात त्यातलं 'विसरायला होतंय' एवढंच उरलं. सुनेनं, सोनियानं, मायेपोटीच स्वयंपाकघर काढून घेतलं. "आई, तुम्ही आरामात बसा ना," ती म्हणायची. विठाबाई बसायच्या. बसून बसून हातांना आपण कशासाठी आहोत तेच कळेनासं झालं. नवरा होता तेव्हा रविवारी ओट्यावर कॅरम रंगायचा. चहा नेऊन देताना कुठली सोंगटी कुठे जाणार ते त्यांना कळायचं. बोट मात्र कधी लावलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस सोंगटीऐवजी स्ट्रायकरच भोकात जायचा. नख काळंनिळं झालं. घरी त्या पोळपाटावर बाटलीची बुचं मांडून सराव करू लागल्या, तेव्हा सोनियानं घाबरून अभिजीतला फोन लावला. एमआयडीसीतली शिफ्ट संपवून तो तडक आईसमोर येऊन बसला.

"आई, बरं वाटतंय ना तुला?"

"बोलू नकोस. ते बूच जरा डावीकडे सरकव."

त्यानं सरकवलं. विठाबाईंनी टिचकी मारली. बूच दुसऱ्या बुचाला घेऊन थेट जमिनीवर गेलं. अभिजीत हसला. पण जाताना म्हणाला, "एकटी नको जाऊस. रस्ता चुकलीस तर?"

त्या एकट्याच जात राहिल्या.

चार महिन्यांनंतरची गोष्ट. विठाबाईंनी राणी घेतली, कव्हरही केली. शाबासकीच्या आशेनं त्यांनी वर पाहिलं. हरिचंद्र त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते.

"झ्याक खेलता वयनी. नवीन आल्या का तुमी? कुनी शिकवलं?"

पेपर वाचणाऱ्यांनी माना खाली घातल्या. या माणसासमोरची जागा पहिल्या दिवशी रिकामी का होती, ते विठाबाईंना आत्ता कळलं.

"तुम्हीच शिकवलंत, भाऊ."

हरिचंद्रांनी बोर्डाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

"मंग बरा शिकवला," ते हळूच म्हणाले आणि सोंगट्या पुन्हा मांडू लागले.

पुढच्या आठवड्यात ते आलेच नाहीत. घरी जाताना रस्ता चुकले, स्टेशनपलीकडे सापडले, आता बायको बाहेर सोडत नाही, असं कुणीतरी सांगितलं. विठाबाईंनी पत्ता कागदावर लिहून घेतला आणि शेअर रिक्षानं बदलापूर गाव गाठलं. हरिचंद्र पडवीत खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. तसं बसणं विठाबाईंना चांगलंच ओळखीचं होतं.

"मी यांना रोज घेऊन जाईन, आणून सोडेन," त्या हरिचंद्रांच्या बायकोला, मोतीबाईंना, म्हणाल्या.

मोतीबाईंनी त्यांना वरून खाली न्याहाळलं. "तुमचा वय काय? तुमी नाय ना चुकनार?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"मलाही तोच आजार सांगितलाय," विठाबाई म्हणाल्या. "सुरुवात आहे. म्हणून पत्ता लिहून आणलाय." त्यांनी मुठीतला कागद उघडून दाखवला. घामानं अक्षरं फुटली होती.

मोतीबाई पदरानं तोंड पुसत आत गेल्या. आत भांडी झाकल्याचे, कडी लावल्याचे आवाज आले. जाऊ द्यायचं नाही असं दिसतंय, म्हणून विठाबाई उठू लागल्या.

तेवढ्यात मोतीबाई बाहेर आल्या. हातात चपलांचे दोन जोड होते. एक त्यांनी नवऱ्याच्या पायांपाशी ठेवला. दुसऱ्यात स्वतःचे पाय सरकवत त्या विठाबाईंकडे न बघताच म्हणाल्या,

"मना पन शिकवाल का?"