अर्धेरावांचं पूर्ण वाक्य

त्याचं बोलणं मी पहिल्यांदा तोडलं ते चुकून. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या लेखकानं सोळा वर्षं प्रत्येक मुलाखतीत छाती पुढे काढून सांगितलं की ती त्याची कल्पना. कसली डोंबलाची कल्पना! मालिकेचा दुसराच भाग होता. समोर पायऱ्यांच्या बाकांवर सव्वाशे जिवंत माणसं बसवलेली, आणि मला कॅमेऱ्याची इतकी धास्ती की आपलं वाक्य विसरायच्या आत एकदाचं बोलून मोकळं व्हावं म्हणून मी दोन ओळी आधीच तोंड उघडलं. तो माझा नवरा झाला होता. तो म्हणत होता, "मला वाटतं, आपण दोघांनी मिळून..." आणि मी म्हणाले, "अगं बाई, दूध उतू गेलं वाटतं!" तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं ठेवून. माणसं जी हसायला लागली ती थांबेचनात.

तोवर नवऱ्याचं काम फक्त चार भागांपुरतं होतं. पाचव्यात त्याला नोकरीनिमित्त परदेशी धाडायचं ठरलेलं. ते परदेश रद्द झालं आणि तो सोळा वर्षं आमच्या दिवाणखान्यात राहिला.

पुढच्या आठवड्यापासून संहितेत त्याच्या प्रत्येक वाक्यापुढे तीन टिंबं यायला लागली. आपण कापणारच आहोत, तर पुढचं लिहायचं कशाला, असं लेखकाचं म्हणणं. लोकांनी त्याचं नाव अर्धेराव ठेवलं आणि माझं कात्री. दुकानात, बँकेत, दवाखान्यात, कुठेही गेलं तरी हीच नावं. पडद्यावर मी त्याला अहो म्हणायची, मेकअप रूममध्ये अरे. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. याच्या न बोलण्याचं सोनं झालं.

कुणाचं बोलणं तोडणं सोपं वाटतं ना? करून बघा. लवकर तोडलं तर तो काय म्हणणार होता हे लोकांना कळत नाही. उशिरा तोडलं तर त्याचं बोलून झालेलं असतं, मग उरतो तो नुसता उद्धटपणा. मधे एकच जागा असते, तो श्वास घेतो ती. त्याचे खांदे जरासे वर जायचे, की त्याच क्षणी मी. चार-पाच वर्षांनी तर मला बघावंही लागत नसे. मी पाठमोरी भांडी आवरत असले तरी मला त्याचा श्वास कळायचा आणि माझं तोंड आपोआप उघडायचं. माझ्या खऱ्या नवऱ्याचा श्वास मला इतका कधी कळला नाही.

मालिकेआधी दहा वर्षं तो रंगमंचावर होता. राजे, सेनापती, म्हातारे बाप, सगळं केलेलं. आवाज असा, की माईक नसताना शेवटच्या रांगेत झोपलेला माणूस जागा व्हावा. मालिकेच्या नवव्या वर्षी त्याला एका सिनेमात न्यायाधीशाचं काम मिळालं. गंभीर सिनेमा, शेवटी हा फाशीची शिक्षा सुनावतो. पहिल्या खेळाला मी गेले होते. यानं चष्मा नाकावर चढवला, "हे न्यायालय या निष्कर्षाप्रत आलं आहे..." म्हणाला, आणि अख्खं थिएटर खो खो हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "कात्री कुठाय?" दुसऱ्या आठवड्यात तो प्रसंगच काढून टाकला. शिक्षा दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात ऐकू यायची आणि पडद्यावर नुसता पंखा फिरताना दिसायचा.

लग्न त्यानं केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "मागणी घातली होती एकदा. अर्ध्यात आलो तोच ती हसली." खरं की थट्टा, मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी खोदून विचारलंही नाही. मला माझा व्याप थोडा होता का?

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही. ताई शिवणकाम करायच्या. आईवडील लवकर गेले, याला त्यांनीच वाढवला. चार वर्षांचा होईपर्यंत हा एक शब्द बोलला नव्हता. लोक म्हणायचे, मुका आहे, सोडा नाद. ताई शाळा सोडून घरी बसल्या, मशीन चालवता चालवता याला समोर बसवून एकेक शब्द गिरवून घेतला. बोलता केला. त्यामुळे आमच्या मालिकेवर त्यांचा दात होता. "अख्ख्या जगाला वाटतं, माझ्या भावाला बोलता येत नाही," मला तोंडावर म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायची.

सोळाव्या वर्षी वाहिनीनं मालिका गुंडाळायचं ठरवलं. त्याच सुमारास ताईंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी महिने सांगितले, तेही एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी भावाकडे एकच मागितलं. "एकदा तुला पुरं बोलताना ऐकायचंय. इथे नाही रे, इथे रोजच ऐकते. तिथे. सगळ्यांसमोर."

सोळा वर्षांत ज्यानं साधी खुर्ची बदलून मागितली नाही, तो लेखकाकडे गेला आणि शेवटच्या भागात एक पूर्ण वाक्य मागून आला. लेखकानं कपाळाला हात लावला. "अहो, लोक तुमचं वाक्य ऐकायला येतात का?" पण हा हटून बसला. शेवटी संहितेत अर्धं पान कोरं आलं आणि त्यावर दोनच शब्द: नवरा बोलतो. काय बोलायचं ते त्याचं त्यानं लिहायचं होतं.

"मला तरी दाखव," मी म्हटलं.

"तू ऐकशीलच की तेव्हा. तुला काही करायचं नाहीये. नुसतं ऐकायचं."

"म्हणजे मी पहिल्यांदाच फुकटचा पगार घेणार म्हण."

तो हसला. चांगल्या मनःस्थितीत होता त्या आठवड्यात.

तालमीतही त्यानं वाक्य उघड केलं नाही. कॅमेऱ्यांना अंदाज यावा म्हणून त्या जागी एक ते वीस आकडे म्हणायचा. एका दमात, खणखणीत. मी समोर हाताची घडी घालून गप्प उभी. तीनदा तालीम झाली, तिन्ही वेळा मी गप्प राहिले. जमलं की, असं मला वाटलं.

चित्रीकरण दुपारी होतं. बाकं भरलेली, जिन्यातही माणसं बसलेली. प्रसंग साधा: कुटुंब घर सोडून चाललंय, सामान बांधून झालंय, मी दाराशी, हा दिवाणखान्याच्या मधोमध. तो म्हणाला, "थांब. मला काहीतरी बोलायचंय." हशा. त्यानं तो संपू दिला. पुन्हा थोडा आला, तोही संपू दिला. मग अशी शांतता झाली की दिव्यांची घरघर ऐकू येत होती.

"या घरात मी सोळा वर्षं काढली," तो म्हणाला, त्याच्या त्या जुन्या, रंगमंचावरच्या आवाजात, "आणि इतक्या वर्षांत मला जे सांगायचं होतं ते एवढंच, की ज्या माणसानं मला बोलायला शिकवलं..."

आणि माझ्या तोंडून निघालं, "गाडी आली वाटतं!"

हशानं बाकं फुटली. त्याला दुसरा शब्द नाही. माणसं उभी राहिली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली, पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. मिनिटभर तो हशा चालला. हा मधोमध उभा होता, तोंड उघडं. सगळ्यांना वाटलं, काय अभिनय करतोय!

मी दिग्दर्शकाकडे धावले. "पुन्हा घ्या. माझी चूक झाली. पाया पडते तुमच्या, पुन्हा घ्या." तो म्हणाला, "बाई, वेड लागलंय का तुम्हाला? असा हशा पुन्हा मिळणार आहे?" लेखक तर मला मिठीच मारायला आला. तेवढ्यात प्रेक्षकांना बाहेर सोडायला सुरुवातही झाली.

हा मेकअप रूममध्ये आरशासमोर बसून कापसानं तोंड पुसत होता. मी म्हटलं, "तू अडकलास असं वाटलं रे मला. डोळे बघितले मी तुझे. वाटलं, विसरलास."

"श्वास घेतला गं मी," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, ते जास्त लागलं. तो चिडला असता, चार शब्द ऐकवले असते तर मीही भांडले असते आणि मोकळी झाले असते.

आणि तो अडकला असं मला वाटलं, हेही खोटंच. मला काहीच वाटलं नव्हतं. वाटायला वेळ कुठे होता? त्याचे खांदे वर गेले आणि माझं तोंड उघडलं. अडकल्याची गोष्ट मी स्टुडिओतून मेकअप रूमपर्यंत चालत येताना जुळवली होती.

भाग दाखवला जायचा होता त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्यानं बोलावलं नव्हतं. पण माझ्या घरी सगळे जमून बघणार होते आणि मला ते सहन झालं नसतं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला लागून पलंग, कठड्यावर गोळ्यांची पाकिटं, आणि झाकून ठेवलेल्या शिवणयंत्रावर टीव्ही. ताई उशांना टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले. कितीतरी दिवसांनी धुतलेली साडी नेसून बसलेय, असं त्यांनीच मला सांगितलं.

भावानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. आज ऐकशील, एवढंच.

तो क्षण आला. "ज्या माणसानं मला बोलायला शिकवलं..." आणि ताईंचा हात हळूच तोंडाकडे गेला. मग माझा आवाज आला. टीव्हीतली सव्वाशे माणसं हसली, भिंतीपलीकडचे शेजारी हसले, खालच्या मजल्यावरून कुणी शिट्टी मारली. ताईंनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. शेजाऱ्यांचं हसणं तेवढं राहिलं.

त्या माझ्याकडे वळल्या. "का बोलू दिलं नाहीस गं त्याला?"

उभा जन्म जिची जीभ टाळ्याला टेकली नाही, त्या मला एक शब्द फुटेना.

तो पाण्याचा पेला घेऊन दारात उभा होता. तिथूनच बोलला. "ताई, मीच विसरलो. आठ दिवस घोकलेलं ऐनवेळी डोक्यातून पार गेलं, समोर एवढी माणसं आणि माझी दातखीळ बसली, आणि हिनं सांभाळून घेतलं म्हणून अब्रू राहिली, नाहीतर साऱ्या जगासमोर माझं हसं झालं असतं."

सबंध वाक्य. एकदाही न चाचरता. त्यात त्यानं दोनदा श्वास घेतला. दोन्ही वेळा मला जागा दिसली, दोन्ही वेळा तिथे खरं बोलता आलं असतं. मी गप्प बसले.

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. "लहानपणीही असाच अडकायचास," इतकंच म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. मग त्यांनी माझा हात धरला. "माझ्या मनात भलतंच आलं बघ. उपकार झाले गं तुझे."

त्यानंतर ताई तीन आठवडे होत्या. मी चार वेळा गेले, आणि चारही वेळा जिना चढताना आज सांगायचंच असं ठरवून गेले. प्रत्येक वेळी त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मी चहा पिऊन परत आले.