कोयत्यांच्या रांगेतली हॉकी स्टिक

मी सुरेखाची हॉकी स्टिक बोलते आहे. दयेच्या सुरात ऐकणार असाल, तर न ऐकलेलेच बरे.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला, संसार मात्र पाथर्डी तालुक्यातल्या एका ऊसतोड कुटुंबातला. सुरेखा भारतीय संघाच्या मधल्या फळीतली खेळाडू. चार वर्षे आम्ही दोघींनी परदेशांतली मैदाने तुडवली. गेल्या वर्षी तिचा गुडघा फिरला, शस्त्रक्रिया झाली आणि संघातले नाव गेले. तेव्हा माणसांची एक खोड मला कळली: धावणारा थांबला, की यांना त्याचा सत्कार सुचतो.

तिचे चुलते सूर्यभान नाना घरी आले. "सुरे, लई खेळलीस. ही काठी आता शाळंत काचंच्या कपाटात ठिवू. पोरं बघतील."

"काचंत ठिवायला ती काय मेली हाय व्हय?" सुरेखाची आई झुंबरबाई चुलीपुढून म्हणाली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ट्रायल हाय पुन्याला. पुन्हा संघात घ्यायची."

खंडेनवमीला झुंबरबाईने मला कोयत्यांच्या रांगेत मांडले. ज्या हत्यारावर पोट चालते ते त्या दिवशी पुजायचे आणि दसऱ्यापर्यंत उचलायचे नाही, ही त्या घराची रीत. इतका मान मला कोणत्याही पदकसमारंभात मिळाला नव्हता. मात्र गंज चढू नये म्हणून कोयत्यांना तेल चोळताना तिने मलाही आपादमस्तक चोळले. मुठीवरच्या पट्टीत ते मुरले. दसऱ्याच्या सायंकाळी सुरेखाने घाईघाईत मला पिशवीत घातले.

पुण्याच्या मैदानावर पहिल्याच फटक्याला मी तिच्या हातून निसटले. तिची दुसरी स्टिक आठवड्यापूर्वीच तडकली होती. मागून एक तरुण खेळाडू म्हणाली, "ताई, गुडघ्यापाठोपाठ हातही गेले का?"

सुरेखा कुंपणाशी आली. आई तिथेच उभी होती. "आये, हिला तेल लावलंस व्हय गं?"

"लावलं की. हत्याराला लावत्यातच." मग झुंबरबाईला उमगले. "आन इकडं."

तिने ती तेलकट पट्टी ओरबाडून काढली, मूठ मातीने घासली, आपल्या पदराची चिंधी फाडली आणि कोयत्याच्या मुठीला गुंडाळतात तशी पीळ देत माझ्यावर आवळली. "वीस वर्सं उसात न्हाई निसटला कोयता. जा."

मीही निसटले नाही. टोमणा मारणारीच्या समोरून सुरेखाने दोनदा चेंडू काढून नेला. दुसऱ्यांदा तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

यादी लागली. सुरेखाचे नाव सर्वांत शेवटी, राखीव खेळाडू म्हणून.

"राखीव म्हंजे भायेरच की गं," आम्ही घरी परतल्यावर नाना म्हणाले.

"भायेर न्हाई नाना. दारात," सुरेखा म्हणाली.

उद्या आम्ही शिबिराला निघतो आहोत. तिच्या गुडघ्याला पट्टा आहे, माझ्या वाकड्या टोकावर चरे आहेत आणि आमच्याहून दहा वर्षांनी लहान मुली तिथे वाट पाहत आहेत. पाहू देत. निरोप द्यायला आलेल्यांना माझी एवढीच विनंती: तो उभ्या उभ्या द्या. बसायला आम्हाला सवड नाही.