आतून एक ठोका

अर्लिनच्या गॅरेजात मोटार कधी राहिलीच नाही. मुलगी शाळेत जायची तेव्हापासून तिथे विमान होतं, म्हणजे व्हायचं होतं. विस्कॉन्सिनच्या बर्फात त्याची बायको व्हर्ना रोज सकाळी अंगणातली गाडी खरवडायची, पण तिने कधी कुरकुर केली नाही, कारण विमान दोघांचं होतं. अहो, पत्रे जोडायचा रिव्हेट एकट्याने बसतोय थोडाच! बाहेरून अर्लिन रिव्हेट ठोकायची गन चालवणार, पत्र्याच्या आतून ही लोखंडी ठोकळा दाबून धरणार. बाहेरच्याला आतलं दिसत नाही. म्हणून ठरलेलं होतं: नीट बसला तर आतून एक ठोका, बिघडला तर दोन. दोन आले की रिव्हेट काढायचा, पुन्हा बसवायचा.

गेल्या हिवाळ्यात अर्लिनचा हात थरथरू लागला आणि डॉक्टरांनी विमान उडवायला साफ मनाई केली. विमान विकायचं व्हर्नानेच काढलं. अर्लिनने आधी तोंड फुगवलं, मग म्हणाला, "कर बाई तुला काय करायचं ते."

मिनेसोटाहून टॉलेफसन नावाचं गिऱ्हाईक आलं. व्हर्नाने त्याच्यासाठी सफरचंदाचा ‘अ‍ॅपल पाय’ भाजला होता, पण तो आधी टॉर्च आणि आरसा घेऊन पंखांखाली शिरला.

"उजवा पंख म्हणजे दागिना आहे," तो बाहेर येऊन म्हणाला. "पण डावा... रागावू नका अर्लिन, आतून निम्मे रिव्हेट वाकडे आहेत. तो फेकावा लागेल. बाकीचं आजच नेतो."

अर्लिन खो-खो हसला. "वाकडे? अरे, हिने एकेक तपासलाय! जरा चुकलं की माझी खरडपट्टी काढणारी बाई आहे ही. सांग गं याला!"

हिवाळ्यात डाव्या पंखाचं काम चालू असताना व्हर्नाने एकदा दोन ठोके दिले होते. रिव्हेट काढताना ड्रिल घसरलं, भोक फाटलं आणि अर्लिन कितीतरी वेळ नुसता आपल्या हाताकडे बघत बसला. ते तिला बघवेना. त्यानंतर ठोकळा तळहातात कितीही उडाला, तरी तिने एकच ठोका दिला.

"नीट होते," ती म्हणाली.

टॉलेफसनने तिच्याकडे पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि टोपी घालून निघून गेला. अ‍ॅपल पायला त्याने हातही लावला नाही.

"लेकाचा माझ्या कामात खोट काढतो!" अर्लिनला चेव आला होता. "बरं झालं गेला. नाहीच विकायचं आता! चल, शेवटची रांग उरलीय. उन्हाळ्यात उडवतोच बघ. डॉक्टरला विचारतो कोण!"

"अर्लिन, अरे ऐक ना..."

पण त्याने कानांत आवाज अडवणारे बोळे घातले होते. ती मुकाट्याने पंखामागे गेली आणि ठोकळा धरला. गन तडतडली, घसरली. व्हर्नाने बोटाने चाचपलं. वाकडा. आज मात्र दोन द्यायचेच, तिने ठरवलं, नाहीतर हा माणूस जिवानिशी जाईल.

तिने एक ठोका दिला.

"शाब्बास!" अर्लिन लहान पोरासारखा ओरडला.

व्हर्नाची मूठ पत्र्यापाशी तशीच राहिली, आणि गन पुढच्या रिव्हेटवर तडतडू लागली.