शालीकरामचा शेवटचा सामना

१९५५च्या हिवाळ्यात छोटेलाल सेठनं गोंदियात आपल्या राइस मिलशेजारच्या हॉलमध्ये स्नूकरचे सामने भरवले. पोटासाठी खेळणारे चार नावाजलेले खेळाडू निमंत्रण देऊन बोलावले. त्यात नागपूरचा केशोराव होता आणि नवेगाव बांधचा शालीकरामही. हे दोघं समोरासमोर आले की हॉल ओसंडणार, हे सेठला पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षी नागपुरात शालीकरामकडून हरल्यावर केशोरावनं त्याचा उजवा हात दाराच्या चौकटीत धरून दार आपटलं होतं. दोन बोटं कायमची वाकडी झाली. तेव्हापासून शालीकराम डाव्या हातानं काठी चालवायला शिकला.

"काऊन जाऊन राहिले?" निघताना त्याच्या बायकोनं, रुख्मानं विचारलं.

"खेळाले."

"खेळाले नाई. माराले जाऊन राहिले तुमी."

तो काठी उचलून बाहेर पडला.

अंतिम सामना त्या दोघांतच आला. शालीकराम असा खेळला की लोक बाकांवर उभे राहिले. शेवटी फक्त काळा चेंडू उरला. तो जाळीत गेला की सामना शालीकरामचा. त्यानं वाकून नेम धरला. तेवढ्यात केशोराव कानाशी पुटपुटला, "डावा बी देतो का दारात?"

शालीकराम सरळ झाला आणि काठीचा जाड बुंधा त्यानं केशोरावच्या जबड्यावर हाणला. दात हिरव्या कापडावर पडले. केशोरावनं त्याच्या पोटात लाथ घातली आणि दोघंही कोसळले. पंच मध्ये पडू लागला, तर लोकांनीच त्याला मागं खेचलं.

"मारो! छोड़ना मत!" सेठ खुर्चीवर चढून ओरडत होता.

शालीकरामनं केशोरावचा पंजा गुडघ्याखाली दाबला, टेबलाच्या जाळीतून एक चेंडू ओढला आणि बोटांवर घातला. पुन्हा घातला. हाडं मोडल्याचा आवाज त्याला गोड वाटला. "माय वो!" केशोराव किंचाळला, तरी शालीकरामचा हात थांबेना. शेवटी पोलीस चौकीवरून धावत आलेल्या शिपायांनी त्याला ओढून काढलं.

सकाळी रुख्मा चौकीत आली.

"भरला जीव?"

"नाई," तो म्हणाला. रक्त वाळलेले हात त्याला कुठं ठेवावे कळेना.

त्याला सहा महिन्यांची सजा झाली. केशोरावनं पुन्हा काठी धरली नाही. शालीकराम सुटून आला आणि रायपूरहून सामन्याचं बोलावणं आलं. तिथल्या लोकांना तो मारणारा माणूस पाहायचा होता.

तो गेला नाही.