तिनं सांगितलेली नावं

या, जरा जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा पुढे या, पुढचे बाक रिकामे ठेवून देवाला काय मिळणार आहे? गोष्ट सांगायची आहे ती गोड गळ्याच्या एका पाळकाची. गोड गळ्यावर तुमचाआमचा सगळ्यांचाच जीव. तेव्हा ऐका, आणि ऐकून झाल्यावर एक छोटंसं मागणं आहे, तेवढं नाकारू नका.

हे पाळकसाहेब उपदेश बोलत नसत, गात. शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना व्हायची. डोळे गच्च मिटून, हात पसरून साहेब एकेकाचं दुखणं सुरात मांडायचे. "काल संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसलो, प्रभू, तिचा गार हात मी हातात घेतला..." बाकांवरून रुमाल निघायचे. बरी माणसंसुद्धा मनात म्हणायची, आपणही एकदा आजारी पडून बघावं.

खरं सांगायचं तर साहेब कुणाच्याही उशाशी बसत नसत. आजाऱ्याच्या खोलीतला तो औषधांचा, अंथरुणाचा वास त्यांना सोसायचा नाही, आणि तिथं बोलावं काय, हेही सुचायचं नाही. जायची ती त्यांची बायको, पाळकीणबाई. खांद्याला कापडी पिशवी अडकवून सगळं गाव पालथं घालायची आणि सकाळी चहाच्या वेळी सांगायची, कोण कण्हत होतं, कोण हसलं, कुणाचा हात गार होता. साहेब पावाला लोणी लावत ऐकायचे. रविवारी त्यातल्या 'ती'चा 'मी' व्हायचा. पहिल्यांदा तो सुरात बरा बसला म्हणून आला, मग बसूनच राहिला.

गेल्या हिवाळ्यात पाळकीणबाई गेली. चारआठ दिवसांचं दुखणं, तेही तिनं कुणाला नीट सांगितलं नाही. सकाळच्या चहाला आता फक्त घड्याळ बोलायचं. घड्याळाला काय ठाऊक कोण आजारी आहे! तरी रविवार यायचाच, आणि साहेब गायचे. कुणासाठी? तिनं शेवटी सांगितलेल्या नावांसाठी. तीच नावं, तीच दुखणी, तीच कालची संध्याकाळ. आता तर आवाज जास्तच कातर व्हायचा. मंडळी म्हणायची, दुःखानं साहेबांना आणखी मोठं केलं.

त्या नावांत पाववाली मावशी होती. भट्टीच्या पायरीवरून पडून तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं. एका रविवारी साहेबांनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि सूर लावला, "काल मावशीच्या उशाशी बसलो, प्रभू, तिला कूसही बदलवत नव्हती..."

कुठंतरी कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी डोळे उघडले. दुसऱ्या बाकावर, नवी काठी मांडीवर आडवी धरून, मावशी बसली होती. उशिरा आली होती, पण स्वतःच्या पायांनी.

साहेबांचा सूर तिथंच तुटला. तेवढ्यात मावशीच खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!" मग सगळे घाईघाईनं आमेन म्हणाले. दारात हात मिळवताना "छान झाली हो प्रार्थना" म्हणत एकेक जण निघून गेला. नजर कुणीच मिळवली नाही.

दुपारी मंडळीचे चिटणीस आले. टोपीसुद्धा काढली नाही.

"साहेब, पुढच्या रविवारी खुद्द बिशप येतायत तुम्हाला ऐकायला. शहरातल्या मोठ्या चर्चसाठी तुमचं नाव जवळजवळ पक्कं आहे. आणि आजच हा घोळ?"

"चुकलं माझं."

"चुकलंबिकलं म्हणू नका! आपण सांगू, प्रार्थना दुसऱ्या मावशीसाठी होती. मंडळीत मावश्यांना काय तोटा? फक्त त्या पाववालीला गप्प बसवा. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

साहेब "बरं" म्हणाले. चिटणीस गेल्यावर स्वयंपाकघरात गेले. दारामागच्या खुंटीवर ती पिशवी तशीच लटकत होती. साहेबांनी ती पहिल्यांदाच उघडून पाहिली. आत कंगवा, नेलकटर, मलमाची डबी, गुंडाळलेला स्वच्छ टॉवेल. प्रार्थनेचं पुस्तक कुठंच नव्हतं. का कोण जाणे, निघताना त्यांनी ती खांद्याला लावली.

मावशी भट्टीमागच्या खोलीत पीठ चाळत होती. पिशवी बघून तिचा हात थांबला.

"बसा. ते पोतं सरकवा बाजूला."

साहेब शब्द जुळवत होते. मावशी म्हणाली, "इथंच बसायची ती. माझी नखं काढायची, केस विंचरायची, सुनेच्या चहाड्या ऐकून घ्यायची. आणि येताना दारातूनच म्हणायची, साहेबांनी पाठवलंय हं, साहेबांना तुमची फार काळजी."

मावशीला गप्प बसवायला आलेला माणूस तिथं स्वतःच गप्प झाला. मग पडेल आवाजात म्हणाला, "मावशी, मी तिला एकदाही पाठवलं नव्हतं."

"ते आम्हाला ठाऊक होतं हो. तिला तसं कधी कळू दिलं नाही, एवढंच."

साहेबांनी मान खाली घातली. पिठाची चाळणी पुन्हा हलू लागली.

"आमेन का म्हणालात आज?"

"मग काय करू? तुम्ही एकटेच लटकला होतात वर." मावशीनं नाक पुसलं. "मी बरी झाले. घंटाकाका मात्र पडून आहे. ती गेल्यावर दुखण्यात पडला ना, म्हणून तुमच्या गाण्यात आलाच नाही. घंटा कोण वाजवतंय हल्ली, बघितलंत कधी?"

साहेबांनी बघितलं नव्हतं.

घंटाकाकाच्या खोलीत तोच वास होता. साहेब उंबऱ्यावर थबकले. काका भिंतीकडे तोंड करून पडला होता. कुणी आलं म्हणून त्यानं वळायचंही सोडून दिलं होतं. साहेबांना आताही काही सुचेना. त्यांनी नेलकटर काढलं आणि त्याचा हात हातात घेतला. हात गार नव्हता, तापानं कढत होता. एक नख वेडंवाकडं कापलं गेलं.

"पाळकीणबाईला जमायचं हे," भिंतीकडेच बघत काका म्हणाला.

"हो," साहेब म्हणाले. "तिलाच जमायचं."

पुढच्या रविवारी बिशप पहिल्या बाकावर बसले, शेजारी चिटणीस. प्रार्थनेची वेळ आली. साहेबांनी डोळे मिटले नाहीत आणि सूरही लावला नाही. साध्या आवाजात म्हणाले, "मी कुणाच्याही उशाशी बसलो नव्हतो. ती बसायची. मी तिची संध्याकाळ चोरून गायलो." मग घंटाकाकाचं नाव घेतलं, ताप किती आहे ते सांगितलं, आणि पुढं काही येईना म्हणून खाली बसले.

बिशप जेवायला थांबले नाहीत. मोठं चर्च दुसऱ्या कुणाला मिळालं. साहेब आहेत तिथंच आहेत. सकाळचा चहा अजून घड्याळासोबतच होतो, आणि दुपारी पिशवी घेऊन ते निघतात. नखं अजून नीट कापता येत नाहीत.

आता ते मागणं. इतकी वर्षं त्या चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं गायली गेली, पण पाळकीणबाईचं नाव त्यात एकदाही आलं नाही. नावं सांगणारी तीच होती ना, आणि स्वतःचं दुखणं तिनं चहाच्या वेळी काढलंच नाही. आज घरी जाऊन हात जोडाल, तेव्हा तिची तेवढी आठवण ठेवा.